डावीकडचं पुढचं चाक

माझं माहेर कोल्हापूरचं, उद्यमनगरातलं. आप्पांचं गॅरेज होतं तिथं, पुढं गॅरेज आणि मागं दोन खोल्यांत आम्ही सात माणसं, त्यामुळं बाकीच्यांच्या घरात ऑइलचा वास येत नाही हे मला शाळेत मैत्रिणीकडं गेल्यावर कळलं. एका जहागीरदारांची अमेरिकन गाडी यायची आमच्याकडं दुरुस्तीला, काय सांगू तुम्हाला, एवढी लांब की तोंड गॅरेजात आणि शेपूट रस्त्यावर. दहा वर्षांची असताना मी आप्पांची नजर चुकवून तिच्यात बसले, पाय काही खाली टेकेनात, आणि ती सीट इतकी मऊ की मला वाटलं मोठ्या माणसांचं सगळं असंच असतं. ती गाडी माझ्या डोक्यातनं गेली नाही ती नाहीच.

आणि दुसरी गोष्ट डोक्यातनं गेली नाही ती खंडेनवमी. आमच्यात दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. सकाळी सगळे पाने, हातोड्या, पकडी रॉकेलनं धुवायच्या, पाटावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू, नारळ, आणि मग दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत कुणी स्क्रू ड्रायव्हरलासुद्धा हात लावायचा नाही. आप्पा म्हणायचे, वर्षभर राबतात ती, एक दिवस त्यांना बसू दे. हे मी सगळं आधी का सांगते ते लिहिता लिहिता तुम्हाला कळेल.

लग्न झालं आणि ब्रिस्टलला आले. आमचे हे विमानाचे भाग करायच्या कारखान्यात फिटर, मी पडदे शिवायच्या वर्कशॉपमध्ये, बावीस वर्षं पडदे शिवले मी, या शहरातल्या किती हॉटेलांच्या खिडक्या मी झाकल्यात ते विचारू नका. शेजारी रॉय. बसच्या डेपोत मेकॅनिक होता, बायको लवकर गेली त्याची. पहिल्या दिवशी कुंपणावरनं मला म्हणाला, ऑल राइट, माय लव्हर? ह्यांनी चहाचा कप ठेवला आणि उभेच राहिले. मग कळलं की इथली जुनी माणसं पोस्टमनलासुद्धा तसंच म्हणतात. पुढं तीस वर्षं दोघांची दोस्ती. दत्तात्रय म्हणायला जमेना म्हणून रॉयनं ह्यांना डॅट केलं.

दोघं रिटायर झाले आणि घरात पायात पायात यायला लागले. मीच म्हणाले, काहीतरी हातात घ्या. आणि रॉयनं शोधून काढली हो, सॉमरसेटमधल्या एका शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्यात, अमेरिकन गाडी. तशीच! ड्रायव्हर डाव्या बाजूला, अठरा फूट लांब, रंग कुठला होता ते सांगता येऊ नये, आणि मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. इंजिन गेलेलं म्हणून शेतकऱ्यानं जवळजवळ फुकटच दिली, वर अंडीपण दिली. ट्रेलरवरनं आमच्या दारात उतरवली तर शेपूट फुटपाथवर. कुणीतरी कौन्सिलला कळवलं. मंजू, आमची लेक, रीडिंग म्हणून गाव आहे तिथं असते, ती फोनवर म्हणाली, आई, तुम्ही तिघं मिळून वेडे झालात का? मी म्हटलं, हो, तू केव्हा येतेस बघायला? तिचं नाव आम्ही हत्तीण ठेवलं. गाडीचं हो, मंजूचं नाही.

यांना ती नुसती चालू करायची नव्हती, पळवायची होती. पैसे तर नाहीत, पेन्शनीतली माणसं. मग काय, भंगारवाल्याकडनं एका आपटलेल्या अमेरिकन पिकअपचं पेट्रोलवरचं इंजिन आणलं, आठ सिलिंडरचं, रॉयनं जुन्या डेपोतल्या मित्राकडनं सायलेन्सरचे पाइप वाकवून आणले, चार तोंडांचा कार्ब्युरेटर कारबूट सेलमध्ये, गाडीच्या डिकीतनं जुनंपानं विकतात तिथं, एका बाईकडं मिळाला, ती त्याच्यात फुलं लावणार होती. त्याच्यावर एअर फिल्टरला झाकण मिळेना. नवं घ्यायचं तर लई महाग. मी माझी परात दिली. लग्नातली स्टीलची परात, तिच्यात मी पुरणपोळीची कणीक मळलेली, ह्यांनी मधोमध भोक पाडलं आणि बसली की अगदी मापात. रॉय म्हणाला, डॅट, अमेरिकेत कुणाकडं नसेल असं. सीटा मी शिवल्या, एका बंद पडलेल्या पबचे जाड मखमली पडदे होते, वाइनच्या रंगाचे. महिनाभर बोटं सोललेली. पण पहिल्यांदा त्या सीटवर बसले ना, पाय खाली टेकले. मला रडू आलं, आणि हे म्हणाले, शिवण उसवली का?

आता सांगते. मघापासनं तेच सांगायचं टाळतेय मी.

इंजिन एवढं ताकदीचं झालं तर ब्रेक जुने कसे चालतील, म्हणून दोघांनी पुढचे ब्रेक बदलायला काढले. तो दिवस नेमका खंडेनवमीचा. दुपारपर्यंत चाकं परत बसवली, नट हातानं फिरवून लावले, गाडी जॅकवरनं खाली घेतली, उजवीकडचं चाक लांब पान्यानं घट्ट केलं. एवढं झालं आणि रॉय जेवायला घरी गेला. मी आले. म्हटलं, झालं का, पूजेची वेळ टळून चाललीय, हत्यारं द्या. हे म्हणाले, शालन, एकच चाक राहिलंय, पाच मिनिटं. मी म्हटलं, तुमची पाच मिनिटं मला माहितेत, सकाळपासनं पाचच मिनिटं चाललीयत. आणि त्यांच्या हातातनं पाना घेतला. ते हात पुसून उठले. बोलायचेच नाहीत ते माझ्यापुढं, देवाधर्माच्या बाबतीत तर नाहीच. पाटावर सगळं मांडलं, पान्याला कुंकू लावलं, वर एशियन दुकानातला झेंडू. पूजा झाल्यावर म्हणाले, आता तेवढं चाक करून घेऊ? मी म्हटलं, आमच्या आप्पांच्या गॅरेजात आजच्या दिवशी मंत्री आला असता तरी पान्याला हात लागला नसता. उद्या करा.

दुसऱ्या दिवशी दसरा. ह्यांची शुगरची ब्लड टेस्ट होती, सकाळी उपाशीपोटी सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. जाताना म्हणाले, आल्यावर चाक करतो. मी श्रीखंड फेटत होते. तेवढ्यात रॉय आला, दाढीबिढी करून. म्हणाला, तिला टेकडीच्या खालपर्यंत नेऊन आणतो, ब्रेक बघतो, डॅटला सरप्राइज. आणि मग म्हणाला, व्हील्स ऑल डन?

माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, गाडी वेशीबाहेर काढायची असते, आमच्या दारातली गाडी आज बाहेर पडली पाहिजे असं मला वाटत होतं, हार मी आणूनच ठेवला होता. आणि वाटलं, ह्यांनी पहाटे उठून केलं असेल. असं वाटलं म्हणते, पण तो पाना पाटावर फुलांखाली तसाच होता. मला ओट्यापासनं दिसत होता तो, कुंकवासकट. आणि ह्यांचं जाताना बोललेलं कानात होतं. तरी मी म्हणाले, यस यस, ऑल डन. हात श्रीखंडाचे होते म्हणून गाडीला हार त्यालाच घालायला लावला.

पुढचं काय सांगू. उतारावर गाडी पळाली आणि खालच्या राउंडअबाउटला डावीकडचं पुढचं चाक निघून गेलं. दुसऱ्या कुणाला लागलं नाही ही देवाची दया. गाडी भिंतीवर, आणि ड्रायव्हरची बाजू तीच डावी. रॉयचा पाय मांडीपासनं घोट्यापर्यंत तीन ठिकाणी मोडला. हे घरी आले, ऐकलं, आणि पायरीवर बसले. म्हणाले, मी चिठ्ठी लिहून काचेवर लावायला पाहिजे होती. चूक माझी. तू मला थांबवलंस, असं एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांना वाटत होतं रॉय कुणाला न विचारता गाडी घेऊन गेला. त्यांना माहीत नव्हतं की त्यानं विचारलं, आणि मला विचारलं. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, आणि पाणी आणू का म्हणाले.

रॉय शनिवारी नाचायला जायचा, बॉलरूम, पांढरे बूट घालून. ते बंद झालं. काठी आली. थोड्या महिन्यांनी चॅरिटी शॉपच्या, दान दिलेल्या जुन्या वस्तू विकतात त्या दुकानाच्या, खिडकीत ते बूट दिसले मला, मी ओळखले, टाचेला मीच चामडं शिवून दिलं होतं. आत गेले, विकत घेतले, आणि कपाटात साड्यांच्या मागं ठेवले. ह्यांनी कधी विचारलं नाही, विचारलं असतं तर मी सांगितलं असतं असं स्वतःला सांगायची.

हे दर रविवारी रॉयचं गवत कापायला जायचे. सव्वादोन वर्षं. पाऊस असला तर भिंतीशी उभं राहून पाऊस थांबायची वाट बघायचे. मग ह्यांना झोपेतच अटॅक आला. गेले. हत्तीण ताडपत्रीखाली, आणि माझं ते सांगायचं राहिलंच.

यंदा मार्चमध्ये रॉय म्हणाला, मुलगी एडिनबराला बोलावतेय, जिना झेपत नाही आता, तुमचा दसरा झाला की जाईन. तेव्हा म्हटलं, हापण गेला की सांगायला कोणी उरणार नाही. बूट पिशवीत घातले आणि गेले. टेबलावर ठेवले. म्हटलं, रॉय, तू मला विचारलं होतंस आणि मी खोटं बोलले. त्यानं बूट जवळ ओढले. म्हणाला, मला आठवतंय, शालन. माझा पाय मोडला होता, डोकं नाही. म्हणाला, चाळीस वर्षांत नटाला हात लावल्याशिवाय मी एक बस बाहेर काढली नाही. तू हो म्हणालीस म्हणून त्या दिवशी वाकलो नाही.

मी विचारलं, मग ह्यांना का सांगितलं नाहीस? तर म्हणाला, ते तुझं सांगायचं होतं. मला वाटायचं, या रविवारी सांगितलं असेल. मग तो यायचा, गवत कापायचा, आणि जाताना सॉरी रॉय म्हणायचा, म्हणजे कळायचं, अजून नाही. दर रविवारी मी वाट बघायचो. आणि अगदी हळू म्हणाला, यू शुड हॅव टोल्ड हिम, माय लव्हर.

रागावला असता तर बरं झालं असतं. चहा केला त्यानं, साखर विचारली. बूट ठेवून घेतले.

तो उन्हाळाभर हत्तिणीपाशी खुर्ची टाकून बसायचा आणि मी त्याच्या सांगण्यावरनं काम करायची. भिंतीवर आपटलेला भाग मंजूच्या नवऱ्यानं येऊन ठोकला, चुकीचा ठोकला, राहू दे. परवा खंडेनवमीला मी आधी चाकं घेतली. चारही. एक नट झाला की समोरचा, मग शेजारचा नाही, पलीकडचा, रॉय काठीनं दाखवत होता. डावीकडचं पुढचं शेवटी. हाताला फोड आले या वयात. मग पाना धुतला, कुंकू लावलं, आणि ह्यांचा फोटो पहिल्यांदा पाटावर हत्यारांशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं, मोठ्यांदा, मराठीत. रॉय बाहेर बसून होता. फोटोला सांगितलेलं सांगितलं धरतात का, मला माहीत नाही. मला हलकं वाटलं नाही, हे तुम्ही असंच लिहा.

रॉय शनिवारी चाललाय. हत्तिणीतनं स्टेशनापर्यंत मंजू सोडणार आहे त्याला, मी मागं बसणार. आणि तुम्ही आज एमफोर हायवेनं गाडी चालवत परत जाणार ना? थांबा, पदर खोचते. तुम्ही बसा हो, चहा संपवा. चाकं मी बघते तुमची. तपासून घेतलीयत असं म्हणू नका मला, मी माझ्या हातानं बघते.