दोन बोटं दाब

हसा, हसा! टेलरचा मुलगा असून पोराला वॉटर पार्कात भाड्याचे नायलॉनचे कपडे घेतले म्हणून!

माझ्या लहानपणी अप्पांनी ते घरीच शिवले होते. मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या दुकानात नायलॉनचा तुकडा उरला होता. म्हणाले, "सुम्ने, उगाच भाडं कशाला भरायचं?" माझ्या चड्डी-शर्टाला आतून दोन बोटं कापड दुमडून दाब ठेवला. "पुढच्या वर्षी उसवून मोठं करू." स्वतःला काही शिवलं नाही. "मी बॅगा सांभाळतो, लॉकरचे पैसे वाचतील." दिवसभर काठावर बसून होते.

पुढच्या वर्षी अप्पा नव्हते.

परवा आईनं तोच जोड ट्रंकेतून काढला. पोराला घालून बघितला, तर जरासा आखूड. आई कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा चार दुकानं फिरणारी. म्हणाली, "दाब आहे की आत. उसव."

मी कपडा उलटा केला. अप्पांची टीप जशीच्या तशी होती, एक टाका इकडचा तिकडे नाही. पहिल्या टाक्याला कात्री लावली, आणि आईनं माझा हात धरला.

"राहू दे रे," म्हणाली. "भाड्यानंच घे."