पेटीतलं हिरवं लुगडं

पार्सलाचं काढलंच हाय तुमी, तर माझी फजिती सांगते. लढाईच्या दिवसांत माझ्या थोरल्या जावेचा भाऊ पुण्याला पलटणीत हुता. तो तिला लुगडी धाडायचा. टपालवाला आमच्या वस्तीवर फक्त काष्टीच्या बाजारादिवशी यायचा, अन् साऱ्या बायांपुढं तिचं पार्सल सुटायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मी पेटीतलं माझं चांगलं हिरवं लुगडं फडक्यात शिवलं अन् नगरला निघालेल्या मालकांना म्हणाले, "हे माझ्याच नावानं टपालात टाका."

चार बाजार गेले, पार्सलाचा पत्ता न्हाई. तेवढ्यात नणंदेचं लग्न आलं. जावेनं विचारलं, "तुझं हिरवं कुठंय?"

"कसर लागली त्याला," मी म्हणाले.

तिनं गुमान आपलं पार्सलाचं नवं लुगडं मला दिलं अन् स्वतः जुनंच नेसली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझं पार्सल आलं. बाया जमल्या. जावेनंच शिवण उसवली, लुगडं उलगडून उन्हात धरलं.

"कसर तर कुठं दिसंना," ती म्हणाली. "कालच हे नेसली असतीस, तर माझं मला नेसाय मिळालं असतं."