दहावी बाहेरून

मुख्याध्यापिका : मी नाही कुठे म्हणतेय, स्नेहा? परीक्षा दे ना. फक्त बाहेरून दे. सतरा नंबरचा फॉर्म भर, घरी अभ्यास कर, मार्चमध्ये पेपर लिही. वर्गात बसायलाच हवं असं थोडंच आहे!

स्नेहा : घरी गणित कोण शिकवणार, मॅडम? आमच्या पाड्यावर दहावीपर्यंत कोणी गेलंच नाही.

धाकली : बाई, मी तिची आई. मी अंगठा लावते. दापोड्याच्या गोदामात खोकी भरते. शिफ्ट रातची करून घेतली, दिवसा तिचं लेकरू मी सांभाळते. तुमी फकस्त तिला बाकावर बसू द्या.

मुख्याध्यापिका : तुमची धडपड दिसते मला, धाकलीताई. पण पालक येऊन गेलेत माझ्याकडे. आमच्या मुलींच्या वर्गात बाळंतीण नको म्हणतात. इतरांवर परिणाम होतो.

धाकली : बाळंतीण? लेकरू सात म्हयन्यांचं झालं. आन ही सोळाची हाय. रोग हाय का तिला, पसरायला?

स्नेहा : आणि भाविकचा परिणाम होत नाही कोणावर?

मुख्याध्यापिका : त्याचं नाव इथे नको.

स्नेहा : का नको? माझ्या बाळाचा बाप आहे तो. बारावीच्या वर्गात बसलाय, वरच्या मजल्यावर. आत्ता जिन्यात दिसला. पंधरा ऑगस्टच्या परेडला पुढे त्यालाच उभं केलं होतंत.

मुख्याध्यापिका : त्याची केस कोर्टात आहे. जामीन मिळालाय. अजून त्याच्यावर काही सिद्ध झालेलं नाही.

स्नेहा : मग माझ्यावर काय सिद्ध झालंय?

(बाळ कुरकुरतं. धाकली त्याला खांद्यावर घेऊन थोपटते.)

धाकली : सांगा ना, बाई. त्याच्या बापाची गोदामं हायत म्हनून तो आत, आन आमी पाड्यावरचे म्हनून माझी पोर बाहेर. तसं तोंडावर बोला.

मुख्याध्यापिका : आवाज खाली. तास चालू आहेत.

स्नेहा : गेल्या वर्षी पोट दिसायला लागलं तेव्हा “पुढच्या वर्षी ये, जागा ठेवते” कोण म्हणालं होतं? नववीत विज्ञान पण तुम्हीच शिकवायचात. शरीराचं ते पान आलं, मुलं हसली, आणि तुम्ही पान उलटलंत. “घरी वाचा” म्हणालात. वाचलं मी. काही कळलं नाही. भाविक म्हणाला, काही होत नसतं. मला खरं वाटलं.

मुख्याध्यापिका : सगळेच शिक्षक ते पान उलटतात, स्नेहा.

स्नेहा : शाळा मात्र माझीच सुटली.

मुख्याध्यापिका : हे बघ, मला संस्थेत विचारावं लागेल.

धाकली : जूनपास्नं तेच विचारताय तुमी. आमी आपल्या खेपा घालतोय.

स्नेहा : आई, बाळाला बघ. मी जाते.

मुख्याध्यापिका : कुठे?

स्नेहा : दहावी ब. मराठीचा तास असेल आता.

मुख्याध्यापिका : असं जाता येत नाही! स्नेहा! शिपायाला बोलावीन मी!

धाकली : बोलवा. रामूदादाला सांगा, भरल्या वर्गातून पोरीला दंडाला धरून काढ म्हनावं. बघू दे सगळ्यांना. तो वरचा बी बघंल.

मुख्याध्यापिका : धाकलीताई, तुम्ही तरी समजून घ्या.

धाकली : वरीसभर समजूनच घेतलं. गाव म्हनला समजून घे, त्याचा बाप म्हनला समजून घे. पोलिसात जायला बी मला दोन म्हयने लागले, समजून घेता घेता. आता तुमी घ्या.

मुख्याध्यापिका : (दाराशी जाऊन समोरच्या वर्गात बघत) खरंच जाऊन बसली.

धाकली : मला हितून दिसत न्हाय. कुनी उठवलं तिला?

मुख्याध्यापिका : नाही. सर शिकवतायत. शेजारच्या मुलीने पुस्तक मधे सरकवलंय.

धाकली : मंग? शिपाई?

मुख्याध्यापिका : राहू दे. आजचा दिवस बसू दे तिला. पण उद्याचं मी काही सांगू शकत नाही.

धाकली : तुमी नका सांगू. तिला आनायला रिक्षावाल्याला आमी रोजचं सांगितलंय.