फॉर्ममधली आरती

राजुरीच्या थांब्यावर मी मुद्दाम काही ऐकत नव्हतो; माझे कान लहानपणापासून मला न विचारताच फिरायला जातात. पुढे साळुबाई आणि त्यांचे मालक सावळाराम एसटीची वाट बघत उभे होते.

“आवो, शाळंच्या फारमात काय लिवलं तुमी? आपली आरती आठ तास झोपती? तीन तास अभ्यास करती?”

“मग काय लिवू? नात पहाटं चारला उठून पाच गायांच्या धारा काढती, असं? गावात इज्जत हाय आपली.”

“त्या इज्जतीपायी सर म्हणले, घरी एवढी सोय असून पोर नापास, म्हंजी तिला डोकंच नाय. दहावीला भाईरून बसवा.”

“म्हणून तू माझं खोटं उघडं पाडायला निघालीस?”

“व्हय. समदं खरं सांगणार. आन् उद्यापास्नं ती सातपत्तोर झोपणार. धारा तुमी काढायच्या.”

“मी? अगं, माझं गुडघं...”

“गुडघ्याचं कुटं लिवलंय? ‘आजोबा धडधाकट, समदी कामं करत्यात.’ तुमचंच अक्षर हाय.”

एसटी आली. साळुबाई पदर खोचून आधी चढल्या.

“अगं ए, कास धुवायला पाणी कोमट घेत्यात का गार?”