ओल्द्रिखकाकांच्या यंत्रावरची प्रश्नचिन्हं

नाही, मला सांगा, माणूस मरताना निदान "पाणी" तरी म्हणतो की नाही? इथे छपाईचा प्रोग्राम मेला, आणि मरताना काय म्हणाला? प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह! त्याच्याखाली पुन्हा प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह! अहो, प्रोग्राम कोसळला की त्याच्या कोणत्या तुकड्याने कोणाला हाक मारली, त्याला कोणी मारली होती, अशी सगळी साखळी पडद्यावर उमटते, ती वाचायची आणि चोर धरायचा, एवढंच आमचं काम. पण ते चारचौघांच्या संगणकांवर! आमचा प्रोसेसर पडला जगावेगळा. अख्ख्या ब्रनो शहरात त्याला विचारणारे दोघे... एक सांभाळणारा मी, आणि एक वापरणारे ओल्द्रिखकाका.

त्यात आमच्या साहेब, ब्लांकाबाई, म्हणाल्या, "लुबोर, शुक्रवारपर्यंत कारण सांग, नाहीतर तुझ्या प्रोसेसरला नारळ." नारळ? पोटच्या पोरासारखा वाढवलाय हो मी त्याला! रडायचाच बाकी होतो.

काकांना फोन केला. "काका, तुमच्या यंत्रावर प्रोग्राम पुन्हा बांधायला, म्हणजे मुळापासून तयार करायला लावतो, दिवसभर चालेल."

"लाव की रे! दोन दिवस लाव!"

एवढा उत्साह कशाला? तर तुम्हाला सांगतो, काम करताना यंत्र तापतं, आणि हा माणूस त्याच्यावर जाळी ठेवून अळंबी वाळवतो! सप्टेंबरचा महिना, सगळं गाव टोपल्या घेऊन रानात, आणि मी इथे... बांधला, कोसळला, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह! काका म्हणतात, "होऊ दे परत, अजून एक टोपली ओली आहे!" मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, तो असा.

शेवटी उमगलं. जागा वाचवायला या प्रोसेसरवर प्रोग्रामचा कुठलाच तुकडा मागचा पत्ता ठेवत नाही, मग साखळी जुळणार कशी? म्हटलं, आपल्याला हाक कोणी मारली त्याचा पत्ता प्रत्येकाने ठेवायचाच! अशी सक्ती करून प्रोग्राम नव्याने बांधला. "काका, छापा आता. कोसळला की काय उमटतं ते वाचून दाखवा."

काकांनी अळंबीच्या बरणीवर लावायची चिठ्ठी छापायला टाकली... छापली. दुसरी टाकली, तीही छापली.

"काका, कोसळत का नाही?"

"मला काय विचारतोस? सुरेख छापतोय!"

"चित्रं टाका! मोठी टाका!"

"टाकली रे. रंगसुद्धा झकास आलेत."

बघा म्हणजे! इतके दिवस उठता-बसता मरणारा हा प्राणी, साक्षीची सोय केली तर मरायलाच तयार नाही! पत्ते ठेवायला सगळे जरा सरकून बसले, आणि आतली धडक टळली. चूक आहे तिथेच आहे, लपून हसत असेल मला.

शुक्रवारी ब्लांकाबाईंनी विचारलं, "कोसळतो?"

"नाही."

"मग राहू दे तुझा प्रोसेसर."

अहो, उडी मारणार होतो मी, उडी! तेवढ्यात वळून म्हणाल्या, "फक्त आधी का कोसळत होता, ते एका ओळीत लिहून टाक."

आता काय लिहिणार? लिहिलं... प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह.