मागची गाडी

बंद करू नका, बंद करू नका ते गेमचं डबडं — असू द्या मांडीवर चालू. तेजश्रीनं सकाळीच चार्जिंग करून दिलंय, कळस गाव येईस्तोवर पुरतंय. नुसतं बसून करणार काय तुमी? मी चालवतो, तुमी खेळा. दोघंबी डायवरच की! पट्टा? त्याचं बक्कल तुटलंय, इंद्रजितराव, गळ्यात टाकून बसायचा तर बसा. वडाप करायचो तवा आत-बाहेर मिळून सतरा सीटा न्यायचो ह्या गाडीतनं — पट्टा कुणाकुणाला लावायचा, आं?

डांबरी रस्ता? हाय की, मला काय ठावं न्हाय व्हय. पर आज निमगावचा बाजार, समद्या डांबरीवर टमटमी न् ट्रॅक्टर. कालव्याच्या भरावावरनं कसं मोकळं जाता येतं. तुमाला का नवीन हाय हा रस्ता? डोळं मिटून जाल तुमी. मला मात्र डोळं उघडं ठिवूनबी कमीच दिसतंय — दिवस कलला की समदं धुरकट. लायसनच्या हापिसात न्हाय म्हणून सांगितलं. सांगू दे. ही जीप माझा हात वळखती, लायसन न्हाय.

व्हय, ते लाल बटण रॉकेटचं. दाबलं की पुढची गाडी उडती. त्याच्या खालचं तेलाचं — तेल सांडलं की मागचा घसरतो. नामी खेळ हाय. समद्या गाड्या एका मैदानात सोडायच्या आन एकमेकाला मारायचं, शेवटाला उरंल तो जितला. म्हंजे आपल्या स्टँडवरचाच कारभार! रॉकेटं तेवढी नव्हती आपल्याकडं.

लोकं हसत्यात मला — येतंय माझ्या कानावर. बाजीराव म्हातारपणी पोरकट झाला, नातीचा गेम घिऊन स्टँडवर बसतो, ज्याला त्याला म्हणतो ये, एक डाव खेळ माझ्यासंगं. हसू द्या. जुनं वडापवालं एकूणएक बसवलं मी समोर. तुमचा आप्पासाहेब — त्यो गेममधीबी हारनचं बटण हुडकत व्हता! कुणाला धक्का लागू न्हाय म्हणून कडंकडंनं चालवतोय, मागं जणू बाळंतीण बसवलीय. आन म्हस्कू — समदी रॉकेटं पहिल्या झटक्याला उडवायची न् मग मशिनीला शिव्या द्यायच्या. जसं वडाप केलं तसंच खेळत्यात बघा समदी. तेजश्री म्हणायची, आबा, तुमी खेळता कुठं, तुमी तर समोरच्याच्या अंगठ्याकडं बघत बसता. पोरगी बापावर गेलीय. ध्येनात येतं तिच्या.

खेळा की, थांबलात का?

तर गेल्या बाजारी तुमी बसलात. चहा सांगितला मी. त्या डबड्याच्या दोन्ही अंगाचं दांडं निघत्यात — एक तुमाला दिला, एक मी घेतला. मला ट्रक. तुमी जीप घेतली, रणगाड्याबिणगाड्या येवढ्या सोडून जीप. मी पुढं, तुमी मागं. तुमच्याकडं रॉकेट व्हतं — खाली त्याचं चित्र येतं, मी बघितलं. मारायचंत की! म्हस्कूनं मारलं असतं, शेंबड्या पोरानं मारलं असतं. तुमी न्हाय मारलं. तुमी उजव्या अंगानं पुढं काढली, मला डावीकडं दाबत आणलं, आन बिरेकला नुसता हात लावलात. सोडलात. मी आपला ट्रक आणखी डावीकडं वडला. आन तवा परत दाबलात — कच्चकन. डावीकडं पाणी व्हतं. तेजश्री टाळ्या वाजवाय लागली, आबा बुडालं, आबा बुडालं! तुमीबी हसलात. माझ्या धोतरावर चहा सांडला, तर म्हणलात, आबाचा हात थरथरतो आता.

बिरेक, इंद्रजितराव. बिरेक कोण मारतं त्या खेळात? त्याला बटण हाय हेच कुणाला ठावं न्हाय. एकदा म्हस्कूनं दाबला, पर त्याला रॉकेट दाबायचं व्हतं.

न्हाय न्हाय, वळायचं कशाला? आलंच की आता. गारवाबी कसा छान सुटलाय पाण्याचा.

माझा भूषण दवाखान्यात व्हता ना बारामतीला, घशात नळी. बोलता येत नव्हतं पोराला. मला बघितलं की चादरीवर हात चालवायचा — असा बघा. दोन बोटं सरळ पुढं. मग डावीकडं. मग बोटं दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. संपलं की पुन्यांदा पहिल्यापासनं. त्याची आई, अक्काबाई, म्हणायची, कापरं भरतंय माझ्या लेकराला, आन वरनं गोधडी घालायची. बिचारी मरूस्तोवर तेच धरून व्हती. डाक्टरबी तेच म्हणाला. मग मीबी तेच म्हणलं.

आन तुमी यायचा की रोज. केळी घिऊन. तुमी दारात दिसलात की त्याचा हात जोरात चालायचा, पार पलंग हलायचा. आमी म्हणायचो, बघा, वळख पटली — ज्यानं कालव्यात उडी टाकून वर काढला त्याला वळखतंय पोरगं!

दिवस घातल्यावर मी तुमाला फेटा बांधला. व्हय का न्हाय? समदं गाव बसल्यालं. ह्या हातानं बांधला, बांधता बांधता रडलो, तुमी माझ्या पायावर पडलात. लई वेळ उठनात. मला वाटलं, केवढं मन हाय ह्या माणसाचं. तवापासनं दर वर्साला भूषणच्या दिवसाला पहिलं ताट तुमचं. तेजश्री वाढायची. काका म्हणती तुमाला.

दार? ते आतनं उघडत न्हाय. मोडलंय कवाचं. गप बसा.

तिला न्हाय सांगितलं मी काय. कुणालाच न्हाय सांगितलं. काय सांगणार? गेममधी बिरेक मारला म्हणून? वेड्यात काढतील. मला सोताला रात न् दिवस वाटतंय, बाजीराव, म्हातारा झालास, चळलास. चादरीवरचा भूषणचा हात न् गेममधला तुमचा हात सारखा असला म्हणून काय झालं? धा डायवर असं बिरेक मारत असतील. तुमीच सांगा की असं न्हाय म्हणून. मला तेवढंच पायजे — तुमी न्हाय म्हणा, मी गाडी डांबरीला घालतो, घरी चहा पाजतो तुमाला. म्हणा.

काय? — मोठ्यानं बोला, इंजिनात ऐकू येत न्हाय. काय आलं व्हतं? शेळी? शेळी आडवी आली म्हणून बिरेक मारला?

शेळी.

म्हंजे तुमी पुढं व्हतात.

पोलिसाला तर मागं व्हतो म्हणून सांगितलंत. पंचनाम्याला मी हितंच उभा व्हतो की. तुमच्या तोंडनं ऐकलं — भूषण पुढं, मी मागनं येत व्हतो, लांबनं बघितलं गाडी कालव्यात जाताना, धावत आलो, उडी टाकली. आमी कुणी इचारलंबी न्हाय. उडी टाकणाऱ्याला कोण इचारतं?

कशापायी रं? कळसच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या सीटांपायी? स्टँडवर सीटा भरायचा भूषणचा नंबर व्हता त्या दिवशी. तुझा न्हाय. नंबर त्याचा व्हता.

रडू नगंस. त्या दिवशीबी लई रडलास.

ही बाभळ, भूषणची गाडी जिथनं पाण्यात गेली ती. हीच. थांबवतो मी हितं, बसून ऱ्हा, दार मला बाहेरनं उघडावं लागतं... हं. उतर. न्हाय, पाया पडू नगंस, एकदा पडून झालंय. ते डबडं दे आधी हिकडं — पोरीचं हाय, भिजंल उगंच.

पायवाट बरी हाय. डाव्या अंगाला पाणी, उजवीकडं काटं. मला आता काय म्हणता काय दिसत न्हाय, येवढं ध्येनात ठिव.

चाल तू पुढं. मी मागनं येतो.