छापलेलं कुंकू

माझं माहेर गडहिंग्लजच्या खालतीकडं, पार हद्दीला, घरात आईला अव्वा म्हणायचं आणि भांडण मात्र मराठीत. लगीन होऊन हिकडं कोल्हापूरजवळ आलो, आमच्याकडं बायकाबी आलो-गेलोच म्हणत्यात, हसू नका ताई. नवरा चांगला हुता. उसाची ट्रॉली अंगावर पडली आणि गेला. माणसं माती देऊन परत यायच्या आत त्याच्या आत्यानं माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मग म्हशींवर घर चालवलं, डेअरीला दूध घातलं, सासूला आणि पोरांस्नी सांभाळलं. आमच्या गल्लीत गटारीचं पाणी नळाच्या पाइपात शिरतंय, पोरं सारखी आजारी, ग्रामसभेत मी एकलीच उठून भांडायचो.

तर पंचायतीचं इलेक्शन लागलं आणि आमचा वॉर्ड बाईसाठी राखीव सुटला. आमचा पॅनेलप्रमुख, गाव त्याला आबा म्हणतंय, दारात आला, म्हणाला वैनी, तुमीच उभं ऱ्हायचं, तुमच्यावानी बोलणारी दुसरी कोण न्हाय. मला वाटलं चला, पाइप तर बदलून घिऊ. तेवढ्यासाठीच उभारलो मी, दुसरं कायबी नको हुतं.

प्रचाराचा नारळ मरगाईच्या देवळात. नवी साडी नेसून गेलतो. नारळ हातात घेतला तर आबा कानाला लागला, वैनी, तुमी जरा मागं उभारा, नारळ जाऊबाई फोडतील. का? तर म्हणं समोरचं पॅनेल गल्लोगल्ली सांगत फिरतंय, विधवा बाईचा नारळ देवीला चालत न्हाय, गावावर संकट येतंय. मी म्हटलं, मग तुमी त्यास्नी चार शब्द सुनवा की. तर म्हणतोय, इलेक्शनच्या टायमाला देवाधर्माच्या वाटंला जायचं नसतं. काय सांगू तुमास्नी, उमेदवार मी, आणि माझ्या प्रचाराचा नारळ माझ्या जावेनं फोडला, सुमननं. माझ्याकडं बघवत नव्हतं तिला. देवीला इच्यारलं का कुणी? ह्याच देवीच्या जत्रंला निवदाच्या खिरीला दूध माझ्या म्हशीचं चालतंय, तवा कुणाला संकट दिसत न्हाय!

मग चौकात फ्लेक्स लागला. दूध घालून येत हुतो, मान वर केली आणि पाय तिथंच थांबलं. फोटो माझाच, आणि कपाळावर हे एवढं मोठं लाल कुंकू. कॉम्प्युटरवर लावून घेतलेलं. आरं, ज्या गावानं माझ्या नवऱ्याला खांदा दिला, त्याच गावाला माझं कुंकू दाखवताय व्हय? आबाला फोन केला. म्हणतोय, वैनी, मनाला लावून घिऊ नका, फोटोत बरं दिसतंय. बरं दिसतंय म्हणं!

त्यावर कडी म्हणजे हळदीकुंकू. दर इलेक्शनला करत्यात, बायकांची मतं तिथंच गोळा हुत्यात. समाजमंदिरात मांडव घातला, सुवासिनींना वाण म्हणून स्टीलचा डबा. आणि मी कुठं? मागल्या खोलीत, डबं पिशवीत भरत. वाटायलाबी बाहेर यायचं न्हाय. माझ्याजवळ माझी सासू, तीबी विधवाच, ती तर असल्या कार्यक्रमात कायम मागल्याच खोलीत बसल्याली. तेवढ्यात माइकवाला वरडला, आपल्या लाडक्या उमेदवार सौभाग्यवती शालनताई यांचा विजय असो.

अंगाची आग झाली बघा. हातातला डबा तिथंच टाकला, गेलो बाहेर, माइक घेतला. म्हटलं, मी सौभाग्यवती न्हाय. माझा नवरा मेलाय, तुमी समद्या रडायला आलता. फ्लेक्सवरचं कुंकू खोटं हाय, पर नळाचं पाणी खरंच घाण हाय, आणि ते तुमच्याबी पोरांच्या पोटात जातंय, माझ्याबी. असं म्हणून कुंकवाचा करंडा उचलला आणि सुमनपुढं जाऊन उभारलो. आबा लांबनं हात हलवतोय, नको नको. सुमननं डोळं मिटलं आणि कपाळ पुढं केलं. मी लावलं. सासू दारातनं बघत हुती, ती आली आणि पयल्या वळीत जाऊन बसली. कायजणी उठून गेल्या, डबा मात्र घिऊन गेल्या.

पडलो मी. थोडक्यात पडलो. आबा म्हणाला, करंड्याला हात लावला नसतासा तर निवडून आला असतासा. जी निवडून आली तिच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतोय, पाइप हाय तसाच हाय, पोरं अजून आजारी पडत्यात, आणि हे संकट कुणामुळं आलं म्हणून आता कोण इच्यारत न्हाय.

आता परत इलेक्शनचं वारं हाय. परवा आबा येऊन गेला, वैनी, बघा, तुमच्याबिगर वॉर्ड निघत न्हाय. मी म्हटलं, उभारतो की, पर नारळ मी फोडणार, आणि फोटो हाय असा लावायचा, मोकळ्या कपाळाचा. विचार करून सांगतो म्हणाला. अजून सांगतोयच.

तो फ्लेक्स मी फेकला न्हाय. म्हशींच्या गोठ्यावर टाकलाय, बघा की वर. नाव गेलं, चिन्ह गेलं, माझं निम्मं तोंड उडालं, कुंकू तेवढं तसंच हाय. माझं खरं कुंकू आत्यानं एका हातानं पुसलं, ह्यांचं छापलेलं पावसानंबी जाईना. असू दे. चा घ्या ताई, गार हुतोय. मरगाई तुमच्या लेकीबाळींचं भलं करो, आणि त्यांचं कपाळ त्यांचं त्यांच्याकडंच ऱ्हावो.